दुसऱ्याच्या गेममधलं आपलं काम

‘मॉड’ हा शब्द आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर पडतो तो ‘मॉड एपीके’ या रूपात. अमर्याद नाणी, सगळी शस्त्रं खुली, जाहिराती गायब. त्यामुळे मुलगा मॉडिंग करतो म्हटलं की घरच्यांना ती चोरी वाटते, आणि त्या एपीकेपुरतं त्यांचं म्हणणं खरंही आहे. ते कुलूप तोडलेलं ॲप असतं, तोडणाऱ्याने आत आणखी काय घुसवलं ते कळायला मार्ग नसतो. पण गेम बनवणाऱ्यांच्या जगात मॉड म्हणतात ती गोष्ट निराळी. १९९३ साली ‘डूम’ बाजारात आणताना आयडी सॉफ्टवेअरने नकाशे, चित्रं आणि आवाज मूळ प्रोग्रॅमपासून वेगळे काढून ‘वॅड’ नावाच्या फाइलमध्ये ठेवले. इंजिनाला हात न लावता लोकांना आपापले नकाशे घालता यावेत हा त्यामागचा एक हेतू होता. म्हणजे इथे किल्ली मालकानेच दिलेली होती. असेच नकाशे बनवणाऱ्या टिम विलिट्सला पुढे आयडीतच नोकरी मिळाली, आणि १९९६ मध्ये कंपनीने चाहत्यांनी रचलेले नकाशे ‘फायनल डूम’ नावाने विकायलाही काढले.

इथून दुसरा गैरसमज सुरू होतो, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करतो: एक दणदणीत मॉड करायचा, कंपनीचा फोन येणारच. पुरावा म्हणून ‘काउंटर-स्ट्राइक’चं नाव हमखास पुढे केलं जातं. ‘हाफ-लाइफ’चा हा मॉड मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी जून १९९९ मध्ये बीटा रूपात सोडला; २००० मध्ये ‘हाफ-लाइफ’ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने तो विकत घेतला आणि दोघांनाही नोकरी दिली. गोष्ट खरी, पण तिची सुरुवात बहुतेक वेळा गाळली जाते. कॅनडात विद्यापीठात शिकणाऱ्या लीने त्याआधी ‘क्वेक’साठी नेव्ही सील्सवर मॉड केला होता आणि ‘ॲक्शन क्वेक २’मध्येही हातभार लावला होता. पबजीचंही तेच. आपल्याकडे गावोगावच्या पारांवर पोरं ज्याच्यात डोकं खुपसून बसली होती त्या खेळाचं मूळ ‘आर्मा २’ या लष्करी गेमच्या एका मॉडमध्ये, आणि खरं तर मॉडच्या मॉडमध्ये आहे. डीन हॉलने २०१२ मध्ये ‘आर्मा २’वर ‘डेझी’ रचला, आणि ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने त्या डेझीवर ‘बॅटल रॉयल’. ग्रीन छायाचित्रकार आणि वेब डिझायनर होता, सराईत प्रोग्रॅमर नव्हे. मग ‘आर्मा ३’, मग ‘एच१झेड१’साठी सल्लागाराचं काम, मग २०१६ मध्ये कोरियातली ब्लूहोल, आणि २०१७ मध्ये पबजी. ली आणि ग्रीन, दोघांकडेही फोन येण्याआधी सोडलेल्या आवृत्त्यांची रांग होती.

त्या रांगेत नेमकं काय सिद्ध होतं, हे ‘स्कायरिम’मध्ये जवळून दिसतं. बेथेस्डाने २०१२ मध्ये ‘क्रिएशन किट’ फुकट दिलं. त्यात एक खानावळ उभारायची, टेबलं मांडायची, चूल पेटवायची, हे दोन-चार संध्याकाळींत जमतं. पण गेममधल्या पात्रांना टेबल दिसत नाही. त्यांना चालण्यासाठी जमिनीवर त्रिकोणांची एक अदृश्य जाळी अंथरावी लागते, तिला ‘नेव्हमेश’ म्हणतात. टेबलाच्या जागची जाळी कापली नाही, तर खानावळीची मालकीण टेबलाला पोट टेकवून जागच्या जागी पाय आपटत राहते. आणि मूळ गेमची जाळी अडचणीची म्हणून पुसूनच टाकली, तर दुसऱ्या कुणाचा तरी मॉड तीच जाळी शोधायला जातो आणि अख्खा गेम कोसळतो. दुसऱ्याने रचलेल्या व्यवस्थेत तिला धक्का न लावता आपलं काम बसवणं, अनोळखी खेळाडूंच्या वैतागलेल्या तक्रारी वाचून ते दुरुस्त करणं, आणि मुख्य म्हणजे ते पुरं करणं: स्टुडिओला मॉडमध्ये हे दिसतं, कल्पनेची भरारी त्यानंतर. ॲलेक्झांडर वेलिकी या १९ वर्षांच्या मुलाने सुमारे दोन हजार तास खपून ‘फालस्कार’ हा स्कायरिमचा मॉड २०१३ मध्ये प्रसिद्ध केला, तो उघडपणे बेथेस्डाच्या नोकरीसाठीचा अर्ज म्हणून. बेथेस्डाने घेतलं नाही; घेतलं बंगीने, ज्यांच्या गेमचा स्कायरिमशी काडीचाही संबंध नव्हता.

यावर आक्षेप घेता येतील, आणि ते फुटकळ नाहीत. ज्यांना कुणीच विचारलं नाही असे हजारो मॉडर या गोष्टींत येत नाहीत, हे मान्यच आहे. म्हणून मॉडला लॉटरीचं तिकीट समजू नये. फुकट राबवून घेण्याचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. एप्रिल २०१५ मध्ये ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानात स्कायरिमचे मॉड विकत देण्याची सोय झाली, तेव्हा मॉडरच्या वाट्याला किमतीचे २५ टक्के ठरवले होते. ओरड झाली आणि योजना काही दिवसांत गुंडाळली गेली, पण उरलेले ७५ टक्के कुठे जाणार होते हे सगळ्यांना दिसलं. मालकीचंही तसंच. ‘वॉरक्राफ्ट ३’च्या ‘डोटा’ मॉडमधून एक अख्खा खेळप्रकार जन्मला आणि त्या नावावरून ‘वॉरक्राफ्ट’वाली ब्लिझार्ड आणि व्हॉल्व्ह भांडले; २०१२ मध्ये तडजोड झाली तीही दोन कंपन्यांची. नंतर २०२० मध्ये ब्लिझार्डने आपल्या अटींत लिहूनच टाकलं, की आमच्या एडिटरमध्ये बनवलेले खेळ आमचे. तेव्हा मॉड हे आपलं उत्पन्न किंवा आपली मालमत्ता धरून चालणाऱ्याची निराशा ठरलेली. हाताचं कसब मात्र कुणाला जप्त करता येत नाही. मिल्टन ग्वास्तीने वर्षानुवर्षं खपून जुन्या ‘मेट्रॉइड २’ची नवी आवृत्ती २०१६ मध्ये फुकट वाटली, निन्टेन्डोने ती लगेच काढायला लावली, आणि तरीही त्याच कामाच्या जोरावर त्याला मून स्टुडिओजमध्ये लेव्हल डिझायनरचं काम मिळालं.

उरतो तो आजकालचा प्रश्न: अनरियल, युनिटी, गोडो शिकायला फुकट मिळत असताना दुसऱ्याच्या गेममध्ये का लुडबुडायचं? आपल्याकडच्या उद्योगाचा मोठा भाग मोबाइल गेमचा आहे, तिथे मुलाखत घेणारा युनिटीबद्दलच विचारणार. तेवढ्यासाठी एक छोटा का होईना, स्वतःचा गेम पुरा केलेला असावा. पण कोऱ्या फाइलपासून गेम सुरू करण्याची नोकरी फार थोड्यांना मिळते. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आणि मुंबईतला २०१८ पासून चालू आहे. या दोघांकडे एकेकाळी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या २००३ सालच्या गेमचा नवा अवतार घडवण्याचं काम होतं, २०२२ मध्ये ते माँट्रियलला हलवलं गेलं. असल्या कामात नव्याने रुजू झालेल्यापुढे येतो तो दुसऱ्यांनी रचलेला डोंगर, आणि त्यातलं एक दार नीट उघडत नाही एवढीच तक्रार. मॉडरला हा प्रसंग नवा नसतो. म्हणून अर्जासोबत वीस तासांचा मॉड डाउनलोड करायला सांगू नये, तेवढा वेळ कुणाकडे नसतो. दोन मिनिटांचा व्हिडिओ द्यावा आणि खाली सरळ लिहावं: गुहेची आखणी माझी, झाडं मूळ गेममधली, आवाज मित्राचा, आणि तिसऱ्या आवृत्तीपर्यंत पूल ओलांडताना पात्रं पाण्यात पडत होती, ते असं असं दुरुस्त केलं.