जंतू मेले, नस मात्र सुजलेलीच

कुष्ठरोगाने बोटे झडतात, असे अजूनही गावोगाव बोलले जाते. बोटे झिजतात ती वर्षानुवर्षांच्या जखमांनी. चुलीवरचे भांडे हाताने उतरवले तरी चटका कळत नाही, पायात काटा मोडला तरी चालणे थांबत नाही. मूळ दुखणे नसांचे, आणि त्या बिघडवण्यात रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचाच मोठा हात असतो.

डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू शरीराचे थंड भाग पसंत करतो. कोपर, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोटा इथे नसा त्वचेलगत असतात, तिथेच तो मुक्काम ठोकतो. प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडली की नस सुजते. तिचे वेष्टन फारसे ताणत नाही, त्यामुळे आत दाब वाढतो आणि रक्तपुरवठा आखडतो. डॉक्टर याला ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. ती उपचारांआधी, उपचार चालू असताना किंवा संपल्यानंतरही येते, कारण मेलेल्या जंतूंचे अवशेषही दाह पेटता ठेवतात. औषधच बाधले असे समजून काही जण नेमक्या याच वेळी गोळ्या सोडतात.

निदानाला महागडे यंत्र लागत नाही. डॉक्टर कोपरामागची नस चाचपून ती जाड, दुखरी आहे का पाहतात. मग रुग्णाने डोळे मिटायचे आणि नायलॉनच्या तंतूचा, नाहीतर साध्या बॉलपेनच्या टोकाचा स्पर्श कुठे झाला ते बोटाने दाखवायचे. करंगळी बाहेर ताणता येते का, पाऊल वर उचलता येते का, पापण्या घट्ट मिटतात का, हेही तपासतात. कधी कधी नस काहीही न दुखता निकामी होत जाते. अशा वेळी ठरावीक काळाने केलेली ही तपासणीच ते नुकसान पकडते. अडते ते साधनांमुळे कमी, तेवढा वेळ देणारे कोणी नसल्यामुळे जास्त.

नसेच्या या दाहावर उपचार म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. डोस हळूहळू उतरवत ते काही महिने घ्यावे लागते, आणि कुष्ठरोगाच्या औषधांचा कोर्स चालू असेल तर तोही थांबवायचा नसतो. २० आठवडे की ३२, याची तुलना भारतासह आशियातील काही देशांत झाली, तेव्हा जास्त मुदतीचा वेगळा फायदा दिसला नाही. वेळेचे मोल मात्र मोठे: बधिरता सहा महिन्यांच्या आतली असेल तर नस सावरण्याची शक्यता चांगली. स्टेरॉइडने साखर वाढते, दबलेला क्षयरोग उफाळू शकतो, म्हणून त्या तपासण्या आधी होतात.

आखडलेल्या बोटांसाठी शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये १९४०च्या दशकाअखेरीस स्नायूबंध दुसरीकडे वळवून जोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. या शस्त्रक्रियांनी हाताला पकड येते, स्पर्श मात्र परत येत नाही. म्हणून मऊ तळाची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल घालायची, तळपाय रोज निरखायचे, पाण्यात भिजवून तेल लावायचे. हा नेम पुढे आयुष्यभराचा.