खाचरातली चतुष्पर्णी

पनवेलच्या आसपासच्या भातखाचरांत बांधाच्या कडेला चार पानांची एक बुटकी वनस्पती दिसते. पाहणारे बहुधा तिला आंबुशी समजून पुढे जातात. आंबुशीला पाने तीन, चव आंबट आणि फूल पिवळे. हिला पाने चार आणि फूल मुळीच नाही, कारण हा नेचा आहे. नेचा म्हटला की आपल्याला माथेरानच्या कड्यावरची हिरवी झालर आठवते. पण हिचे कोवळे पान पाहावे, घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते. कूळ तेथेच कळते.

शास्त्रीय नाव मार्सिलिया. चरकसंहितेच्या शाकवर्गात जो ‘सुनिषण्णक’ येतो तो हाच, असे मानतात. त्या शब्दाचा अर्थ ‘नीट बसलेला’. रात्री याची चारही पाने मिटतात, त्यावरून हे नाव सुचले असावे असे आपले मला वाटते. व्याकरणाच्या प्राध्यापकांनी निकाल द्यावा. बंगालात ‘शुषनी’ म्हणून याची भाजी करतात.

आता लावण्याविषयी. रांगत्या खोडाचा बोटभर तुकडा मुळांसकट घ्यावा, पसरट घमेल्यात खाचराचाच चिखल भरून त्यात दाबावा आणि वर चार बोटे पाणी ठेवावे. अर्धा दिवस ऊन हवे. शेणखत घालू नये, नाहीतर शेवाळच माजते. पाणी खोल असले की देठ लांबतात आणि पाने तरंगतात. उथळ झाले की तीच वनस्पती ताठ उभी राहते. बागेतल्या तळ्यात सोडायची तर कुंडीसकट सोडावी, नाहीतर काठ व्यापून टाकते.

खरी गोम मात्र पुढेच आहे. दिवाळीनंतर पाणी घालणे हळूहळू कमी करावे. बारमाही भरलेल्या तळ्यात ही नुसती पाने वाढवते. चिखल सुकू लागला की देठांच्या बुडाशी मिरीएवढ्या कठीण, काळपट शेंगा धरतात. त्यांच्या आत बीजाणू असतात आणि ते कोरडे राहून कित्येक दशके जिवंत राहू शकतात. मृगाचा पाऊस आला की शेंगेचे कवच पात्याने किंचित खरवडून ती पाण्यात टाकावी. थोड्या वेळात आतून बुळबुळीत, पारदर्शक दोरी बाहेर पडते आणि तिच्यावर बीजाणूंच्या पिशव्या ओळीने लागलेल्या दिसतात. मी गच्चीवर हा प्रकार दोनदा पाहिला, दोन्ही वेळा घरातली सगळी मंडळी घमेल्याभोवती जमली होती.

म्हणजे हिला पाणी हवे तसाच दुष्काळही हवा. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे अशी तळ्यांची नावे मिरवणाऱ्या आपल्या गावात हे अवघड होत चालले आहे. तळ्याला उभा दगडी काठ बांधला की ओले-सुके होणारी उताराची पट्टीच उरत नाही. २०२५ साली सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी खाचरे आणि दलदल यांवर मोठा भराव पडला. घरांसाठी तो रोज पडतो आहे. तेव्हा रोप आणायचे ते भरावाची आखणी झालेल्या शेतातून, मालकाला विचारून आणावे. नांदत्या तळ्यातून उपटू नये. आणि बाजारातली साल्व्हिनिया ‘पाण्यातला नेचा’ म्हणून कोणी दिली तर घेऊ नये. ती ब्राझीलची, केरळात तिने कालवे बुजवले होते.

शेंगा काडेपेटीत ठेवल्या तरी चालतात. पेटीवर जागा आणि साल लिहून ठेवावे.