माळरानावरील दुर्बीण आणि तिची तिवई

मैंदर्गी व एकंदर अक्कलकोट तालुका हा मोकळा मुलूख. झाडाआड उभें राहून पक्षी जवळून न्याहाळण्याची कोंकणांतली सोय येथें नाहीं. हिवाळ्यांत येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी शेतांवरून तरंगत दूर निघून जातात. धाविक तर माणूस दिसतांच धांवत सुटतो. म्हणून या छंदाच्या घरांत आज ना उद्यां एकनळी मोठी दुर्बीण, म्हणजे स्पॉटिंग स्कोप, येतेच. तिच्यावर सढळ हातानें खर्च करणारे गृहस्थ तिवई मात्र उरल्यासुरल्या पैशांत घेतात. आमच्या मतें हें उलटें आहे. कारण दुर्बीण ६० पट मोठें दाखविते तेव्हां तिवईचा कंपही तितकाच मोठा करून दाखविते.

मग जड तिवई घ्यावी काय? तीहि नको. जड तिवई दोन रविवार खांद्यावर चढते व पुढें माळ्यावर जाते. ६५ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण दीड किलोच्या आंतबाहेर भरते; तिला डोक्यासकट दोन किलोंची तिवई पुरावी. वजन वांचवावयाचें तें पाय बारीक करून नव्हे, तर उंची कमी करून. नेत्रभिंग तिरकें असलेली दुर्बीण घेतली कीं मान किंचित् लववून पाहतां येतें व तिवई छातीएवढी पुरते. एकत्र कुटुंबांत याचा आणखी एक लाभ असा, कीं आजोबा आणि नातू दोघांसही ती फारशी वरखालीं न करतां चालते. मधला दांडा उंच काढणें म्हणजे बांबूवर घागर ठेवणें होय. कार्बन फायबरचे पाय ॲल्युमिनियमपेक्षां हलके, कंपही लवकर जिरवितात, पण महाग.

डोकें गोळ्याचें नसावें. त्याची कळ सैल केली कीं दुर्बीण एकदम मान टाकते. आडवें व उभें असें दोनच दिशांनीं, दाट तेलांतून फिरल्यासारखें संथ वळणारें फ्लुइड हेड उत्तम.

सोलापूरच्या उत्तरेस नान्नजला १९७९ सालीं माळढोकासाठीं अभयारण्य झालें, तरी तेथून तो पक्षी जवळजवळ नाहींसा झाला. साऱ्या देशांत आतां दोनशेंहून कमी उरले आहेत. त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. माळावर अशीं घरटीं करणारे पक्षी इतरही आहेत, आणि माणूस जवळ गेला कीं तीं उघडीं पडतात. स्थिर तिवई असली म्हणजे पुढें सरकण्याचा मोहच होत नाहीं.

खरेदीच्या वेळीं दुर्बीण तिवईवर चढवून दूरच्या पाटीवर रोखावी, एका पायास टिचकी मारावी व अक्षरें स्थिर होण्यास किती वेळ लागतो तें पाहावें. एखाद्या सेकंदाहून अधिक लागल्यास, कितीही हलकी असली तरी, ती तिवई दुकानदारास परत द्यावी.