एका प्रश्नाचे तीन भाग आणि गुणांचा हिशेब

धारवाडच्या सप्तापूर भागात स्पर्धा-परीक्षांच्या शिकवणीवर्गांची दाटी आहे. अर्ध्या गुणाने नेमणूक हुकते हे तेथील उमेदवारास ठाऊक असते. म्हणून गुण कसे मोजले जाणार, हे तो आधी विचारून घेतो. आमचे धर्मशिक्षक सहसा तसे विचारीत नाहीत. ऑनलाइन अभ्यासक्रमाची उत्तरे ते निष्ठेने पाठवितात व आलेला निकाल मुकाट्याने स्वीकारतात. तेव्हा हिशेब चोख ठेवण्याची सारी जबाबदारी तपासणाऱ्यावर येते.

आमोस संदेष्ट्यावरील एक प्रश्न घेऊ. (अ) आमोसाने कोणत्या राज्यात संदेश दिला? गुण २. (आ) तेथील कोणत्या अन्यायावर त्याने बोट ठेवले? गुण ३. (इ) त्या आधारे आपल्या गावातील भाविकांसाठी प्रवचनाचा आराखडा लिहा. गुण १०. एका विद्यार्थ्यास अनुक्रमे २, ३ व ४ गुण मिळाले. दुसऱ्यास ०, १ व १०.

मिळालेल्या गुणांची बेरीज १५ ने भागल्यास पहिल्यास ६० टक्के व दुसऱ्यास सुमारे ७३ टक्के पडतात. परंतु काही तपासनीस स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक भागाचे टक्के निराळे काढून त्यांची सरासरी घेतात. तसे केल्यास पहिला ८० वर चढतो आणि दुसरा ४४ वर घसरतो. उत्तीर्णतेची मर्यादा ५० असेल, तर ज्याने प्रवचन उत्तम रचले तोच अनुत्तीर्ण! यात यंत्राचा दोष नाही. आपण घेतलेल्या सरासरीने २ गुणांच्या भागास १० गुणांच्या भागाइतकेच वजन दिले.

उपाय सोपा आहे. वरच्या रांगेत प्रत्येक भागाचे कमाल गुण लिहावेत आणि विद्यार्थ्याच्या रांगेची बेरीज त्या रांगेच्या बेरजेने भागावी. सूत्र खाली उतरविताना कमाल गुणांची रांग सरकू नये म्हणून तिच्या क्रमांकाआधी डॉलरचे चिन्ह घालावे.

याहून फसवी गोष्ट कोऱ्या चौकटीची. सरासरीचे सूत्र शून्य मोजते, पण कोरी चौकट वगळते. वरील दुसऱ्या विद्यार्थ्याच्या (अ) भागाच्या टक्क्यांची चौकट शून्याऐवजी कोरी राहिली, तर त्याची सरासरी ४४ वरून एकदम ६७ होते. चुकीचे उत्तर लिहिणाऱ्यापेक्षा काहीच न लिहिणारा लाभात राहतो, हे विपरीतच म्हटले पाहिजे. मूडल प्रणालीतही रिकामे गुण वगळावेत की नाही, हे ठरविण्याची सोय आहे. ती कोणत्या स्थितीत आहे हे पाहून घ्यावे. आम्ही असा नियम पाळतो: न लिहिलेल्या भागास शून्य, न तपासलेल्या भागाची चौकट कोरी, आणि एकही चौकट कोरी असेतोवर निकाल देऊ नये.

आता जे सूत्रात बसत नाही त्याविषयी. आमोस तकोवाचा, म्हणजे यहूदातला. त्याने संदेश दिला तो मात्र उत्तरेच्या इस्राएल राज्यात, यराबामाच्या काळी. (अ) मध्ये यहूदा असे लिहिणाऱ्याची चूक समजण्याजोगी आहे. पुढे (आ) मध्ये त्याने यहूदातील व्यापाऱ्यांच्या खोट्या तराजूविषयी लिहिले, तर स्थळ चुकले, अन्याय बरोबर ओळखला. स्थळाचा दंड (अ) मध्ये भरून झाला. तो पुन्हा वसूल करणे न्यायाचे नाही. आमच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचे (आ) मधील २ गुण याच कारणाने कापले गेले असतील, तर ते परत द्यावेत. मग त्याची बेरीज १३ होते, म्हणजे जवळजवळ ८७ टक्के.

अपूर्णांकांचे पूर्णांक शेवटी एकदाच करावेत. पडद्यावर ५० दिसणारा आकडा आत ४९.६ असू शकतो, आणि मर्यादेशी तुलना आतल्या आकड्याची होते.

एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमांत स्वाध्यायास २५ व परीक्षेस ७५ हे वजन आरंभीच जाहीर केलेले असते. आपल्या प्रश्नपत्रिकेवरही प्रत्येक भागापुढे त्याचे गुण छापावेत आणि आधीच्या भागातील चूक पुढे कशी धरली जाईल, हे तेथेच एका ओळीत लिहावे.