नालाकार मूत्रपिंड आणि महाधमनीचा फुगवटा

मुतखड्याच्या दुखण्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात वा एखाद्या खासगी केंद्रात सोनोग्राफी केल्यावर अहवालात क्वचित ‘हॉर्सशू किडनी’ असे शब्द आढळतात. दोन्ही मूत्रपिंडे खालच्या टोकाशी जोडली जाऊन घोड्याच्या नालेसारखी झालेली असतात. साधारणतः चारशे ते पाचशे व्यक्तींमागे एकीत आढळणारी ही जन्मजात रचना अनेकांना कसलाही त्रास देत नाही. अहवाल कपाटात जातो आणि विसरला जातो. उतारवयात पोटातील महाधमनी फुगली, तर मात्र त्याच शब्दांना विलक्षण महत्त्व येते.

पोटातील महाधमनीचा व्यास सुमारे २ सेंटिमीटर असतो. तो ३ सेंटिमीटर वा अधिक झाला, की त्यास धमनीविस्फार म्हणतात. धूम्रपान हे त्याचे एक प्रमुख कारण. पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत ५ सेंटिमीटरच्या सुमारास शस्त्रक्रियेचा विचार होतो, कारण फुगा फुटल्यास फार थोडे रुग्ण वाचतात. आल्बर्ट आइनस्टाइन यांचा १९५५ मध्ये झालेला मृत्यू याच विकाराने झाला.

फुगलेला भाग काढून तेथे नवी नळी बसविण्याची शस्त्रक्रिया पॅरिसमध्ये शार्ल द्युबो यांनी १९५१ मध्ये केली. नालाकार मूत्रपिंडाच्या रुग्णात अडचण अशी, की दोन मूत्रपिंडांना जोडणारा पट्टा नेमका महाधमनीच्या पुढ्यात आडवा असतो. तो कापल्यास मूत्र झिरपून कृत्रिम नळीला जंतुसंसर्ग होण्याची भीती. म्हणून अनेक शल्यविशारद डाव्या कुशीतून, मूत्रपिंडाच्या मागून वाट काढतात. शिवाय या मूत्रपिंडांना जादा धमन्या असतात. त्यांपैकी काही थेट फुगवट्यातूनच निघतात. मोठ्या असतील तर नव्या नळीवर पुन्हा जोडाव्या लागतात.

ब्युनोस आयर्सच्या हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये जांघेतील धमनीतून आच्छादित स्टेंट बसविला. या पद्धतीत पट्ट्याला हात लागत नाही, पण आच्छादनाखाली जादा धमन्यांची तोंडे बुजतात. लहान धमनी बुजली तर मूत्रपिंडाचा तेवढा तुकडा मरतो. निरोगी माणसाला ते निभावते, क्रिएटिनिन आधीच वाढलेल्याला डायलिसिसपर्यंत नेऊ शकते. कोणती धमनी राखायची, हे सीटी अँजिओग्राफीवरून ठरते, आणि तिच्यासाठी टोचले जाणारे औषधही दुबळ्या मूत्रपिंडांना जड जाऊ शकते.

फुगा फुटून रुग्ण मध्यरात्री आला, तर एवढा अवधी नेहमीच मिळतो असे नाही. अशा वेळी नातेवाइकांनी पुढे केलेला तो जुना सोनोग्राफी अहवाल शल्यविशारदाला पोट उघडण्यापूर्वीच सावध करतो.