सगुणाच्या पाठीमागची माणसं

आपल्याच घरावर कादंबरी लिहायची तर नावं बदलावी लागतात. कृपाबाई सत्यनाथन यांनी ‘सगुणा’ लिहिताना स्वतःचं नाव बदललं आणि वडिलांचं थोडं फिरवलं. हरिपंतांचे हरिचंद्र झाले. आईचं नाव मात्र राधाच राहिलं आणि थोरल्या भावाचं भास्करच. मला या कादंबरीचं मर्म त्या दोन नावांपाशी सापडलं. कृपाबाईंची श्रद्धा आणि त्यांचं लेखन, दोन्हींच्या मुळाशी ही दोनच माणसं आहेत. त्यांना वेगळं नाव द्यावं, असं लेकीला, बहिणीला वाटलं नसावं.

मराठी वाचकाला हे नाव फारसं ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत आहे. १४ फेब्रुवारी १८६२ रोजी अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) जन्मलेली ही मुलगी, हरिपंत आणि राधाबाई खिस्ती यांचं तेरावं अपत्य. खिस्ती हे आडनाव वाचून अनेकांना वाटतं, छापताना ‘र’ गळला. तसं नाही. आडनाव मुळातलंच, नगरकडच्या ब्राह्मण घराण्याचं. ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीपासून ते खिस्तीच होते.

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. मुंबई इलाख्यात सुरुवातीच्या काळात ज्या मोजक्या ब्राह्मणांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांत हरिपंत होते. त्या काळी अशा माणसाला भाऊबंद तोडत, पाणवठा तुटे, आणि घरची माणसं तो मेलाच असं धरून चालत. त्याच्या बायकोने कुठे जायचं, हा प्रश्न तर कुणी तिला विचारतही नसे.

राधाबाई गेल्या नवऱ्याबरोबर. लग्नाची बायको म्हणून गेल्या, धर्म पटला म्हणून नव्हे. ‘सगुणा’च्या पहिल्या भागात हे येतं आणि पुस्तकातला सगळ्यात जिवंत भाग तोच आहे. एक घाबरलेली तरुण मुलगी परक्या माणसांच्या आवारात आपलं सोवळं-ओवळं सांभाळत राहते. विटाळाच्या भीतीने अंग चोरून वावरते, आपल्या देवांचा धावा करते, आणि नवरा दुसऱ्याच देवाची प्रार्थना करताना ऐकत राहते. नवरा सक्ती करत नाही. बदल होतो तो फार सावकाश.

हे वाचताना मराठी माणसाला ‘स्मृतिचित्रे’ आठवल्याशिवाय राहणार नाही. रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग त्यांच्याकडे आल्या तरी सोवळं पाळत राहिल्या, आणि १९०० साली स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. लक्ष्मीबाईंनी आपली कहाणी स्वतः सांगितली. राधाबाईंची कहाणी त्यांच्या तेराव्या लेकराने सांगितली, आणि ती टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या सात-आठ वर्षं आधीच मासिकात छापून आली होती. याच नगराने दोन पिढ्यांच्या अंतराने अशा दोघी पाहिल्या. मराठी घरात नवा देव आला तेव्हा त्याची पहिली कसोटी चुलीपाशी लागली, हे या दोघींच्या गोष्टींतून जसं कळतं तसं मिशनच्या कुठल्याच अहवालातून कळणार नाही.

आईच्या तोंडून हे ऐकलेलं असणार, असं मी म्हणतो तो माझा अंदाज. पण हरिपंत मुलगी लहान असतानाच वारले होते. सोवळ्यातल्या त्या बाईच्या छातीतली धडधड सांगणारं दुसरं कुणी घरात उरलं नव्हतं.

वडिलांच्या मागे मुलीचा सांभाळ आईने आणि भास्करने केला. भास्कर हा या घरातला वाचणारा, विचार करणारा मुलगा. मुलगी प्रकृतीने नाजूक, पुस्तकांची वेडी, भावांच्या अभ्यासात कान घालून बसणारी. त्या घरात तिला कुणी हटकलं नाही. भास्करने तर तिला समोर बसवून शिकवलं. कादंबरीतला भास्कर बहिणीला घेऊन डोंगरात जातो आणि तिथे तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलतो. ख्रिस्ती झालो म्हणून साहेब व्हायचं नाही, आपला देश आणि आपली माणसं यांची लाज धरायची नाही, हे तो तिच्या मनावर ठसवतो. देव आणि दख्खनचे डोंगर या मुलीच्या मनात एकाच वेळी, एकाच माणसाने रुजवले. पुढे तिने जिथे जिथे देवाविषयी लिहिलं, तिथे आसपास कुठेतरी डोंगर आहे.

भास्कर तरुणपणीच गेला. तो धक्का तिला सोसवला नाही. कादंबरीत इथे पानं जड होतात. लिहिणारीचा हात थांबला असेल, असं वाटत राहतं.

त्यानंतर तिला दोन युरोपियन मिशनरी बायकांच्या देखरेखीखाली ठेवलं गेलं. गोऱ्यांशी जवळून संबंध येण्याची ही पहिलीच वेळ. त्यांचं प्रेमही होतं आणि वरचढपणाही. कृपाबाईंनी हा वरचढपणा कादंबरीत नोंदवला आहे, तोही एका ख्रिस्ती मासिकात क्रमशः छापून येणाऱ्या कादंबरीत. मला त्यांच्या श्रद्धेचं खरं बळ इथे दिसतं. ज्यांच्या हातून धर्म आला त्यांचं चुकतं तिथे चुकतं म्हणायचं, आणि तरी धर्म सोडायचा नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या मनात हे घोळत असेल, आणि पंचविशीत तिने ते लिहून छापायला दिलं.

मग मुंबईची निवासी शाळा. तिथे एका अमेरिकन डॉक्टरबाईंनी या मुलीतली हुशारी हेरली. मुलीच्या मनात वैद्यक शिकायचं आलं आणि विलायतेला जाण्यासाठी शिष्यवृत्तीही मिळाली. पण प्रकृती पाहता बोटीचा प्रवास आणि तिकडची थंडी झेपणार नाही असं ठरलं. तेव्हा पर्याय निघाला मद्रासचा. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ साली स्त्रियांना दार उघडलं होतं. १८७८ साली, सोळाव्या वर्षी, कृपाबाई तिथे दाखल झाल्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या त्या १८८३ साली. आनंदीबाईंची बोट आपल्या शाळेच्या पुस्तकात आहे, पण पाच वर्षं आधी नगरच्या एका मुलीने मद्रासला वैद्यकाचं पुस्तक उघडलं होतं, ही गोष्ट आपण सांगत नाही.

पहिल्या वर्षी ती चमकली आणि वर्ष संपता संपता आजारी पडली. अभ्यासाचा ताण शरीराला पेलला नाही. १८७९ साली पुण्याला बहिणीकडे परतावं लागलं. डॉक्टर होण्याची वाट तिथे संपली.

पण त्या एका वर्षात आणखी काही घडलं होतं. मद्रासला ती राहिली रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी. हे चिंताद्रिपेटच्या झायन चर्चचे पाळक. त्यांच्या पत्नी ॲना या दक्षिणेतल्या पहिल्या पिढीच्या देशी पाळकाच्या कन्या. त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, घराबाहेर न पडणाऱ्या बायकांना घरी जाऊन शिकवण्याचं काम उभं केलं, आणि तमिळमध्ये आयांसाठी पुस्तकही लिहिलं. नगरच्या घरात मुलीने वाचलेलं चालत होतं, तर या घरात घरधनीणच लिहिणारी होती. पुण्याला बरी होऊन मुलगी मद्रासला परतली, तेव्हा या घरचा मुलगा सॅम्युअल केंब्रिजहून शिकून आला होता. दोघांची ओळख झाली आणि पुढे लग्न झालं.

या लग्नात एक गोष्ट दडली आहे. मुलीची बोली मराठी, सासरची तमिळ. नवराबायकोला, सासूसुनेला बोलायला मधली भाषा लागणार, आणि ती इंग्रजी. कृपाबाईंनी इंग्रजीत का लिहिलं, याला काळाची आणि शिक्षणाची मोठी कारणं देता येतील. मला हे साधं घरगुती कारण अधिक पटतं. ती मराठी घरात नांदली असती तर राधाबाईंची गोष्ट मराठीत उतरलीही असती.

लग्नानंतर सॅम्युअल उटकमंडला शाळेचे मुख्याध्यापक झाले. निलगिरीच्या हवेत कृपाबाईंची तब्येत सुधारली. तिथे त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा सुरू केली आणि लिहायलाही लागल्या. डोंगरातल्या तोडा लोकांच्या वस्तीला दिलेल्या भेटीवरचा लेख तिथल्या एका वर्तमानपत्रात ‘एक हिंदी स्त्री’ अशा सहीने आला. पुढे बदल्यांमुळे राजमहेंद्री, मग कुंभकोणम, अशी बिऱ्हाडं हलत राहिली. राजमहेंद्रीला आजारपण वाढलं आणि कुंभकोणमला लेखन. १८८६ साली ती दोघं मद्रासला स्थिरावली, आणि १८८७-८८ मध्ये ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’मधून ‘सगुणा’ क्रमशः येऊ लागली. हिंदी स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून अभ्यासक आज हिचाच उल्लेख करतात.

सगुणा हे नाव मला विचार करायला लावतं. कृपा हा ख्रिस्ती धर्मातला मोठा शब्द, आणि सगुण हा आपल्या संतांचा. कृपाबाईंनी आपल्या लिहिलेल्या रूपाला सगुणा म्हटलं. देव माणूस होऊन आला, ही ख्रिस्ती श्रद्धेची मूळ गोष्ट. नगरच्या मुलीला ती घरच्या शब्दात अशी सापडली असेल का? त्यांनी तसं कुठे म्हटलं आहे असा माझा दावा नाही, मराठी कानाला ऐकू येतं तेवढं सांगतो.

यानंतरचा भाग दुःखाचा आहे. त्यांना एक मूल झालं आणि ते वर्षाचं व्हायच्या आत गेलं. बाळंतपणाच्याच सुमारास क्षय निघाला होता. मन खचलं. उपचारासाठी मुंबईला आल्या, तेव्हा आजार बरा होण्यासारखा नाही हे कळलं. हातात किती दिवस आहेत हे उमगल्यावर या बाईने दुसरी कादंबरी लिहायला घेतली, ‘कमला’.

ही कादंबरी ‘सगुणा’सारखी नाही. हिच्यात ख्रिस्ती माणूस नाही, बाप्तिस्मा नाही, मिशन नाही. नाशिकच्या परिसरातली एक ब्राह्मण मुलगी आहे. विद्वान, विरक्त बापाने डोंगरात वाढवलेली. ती सासरी येते, सासूचा जाच सोसते, नवरा तिच्यापासून दूर जातो, आणि शेवटी ती विधवा होते. तिच्यावर जीव असलेला, शिकलेला रामचंद्र लग्नाचं विचारतो. कमला नाही म्हणते. आपला धर्म आणि आपले संस्कार तिला ओलांडवत नाहीत. हाती आलेला पैसा ती गरजूंसाठी खर्च करते.

शेजारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ठेवून पाहा. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती हीच, १८५७ सालची. लिहिणारे बेळगावचे, १८५४ साली ख्रिस्ती झालेले. विषय तोच, विधवांचे हाल. त्यांची यमुना ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. बाबांनी वाट दाखवायला कादंबरी लिहिली, आणि त्या काळात तशी वाट कुणीतरी दाखवायला हवीच होती. पण कृपाबाई जन्मापासून ख्रिस्ती. त्यांना काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. त्यांनी कमलेला तिच्या मनाजोगं वागू दिलं, आणि ते वागणं लिहिणारीच्या विश्वासाशी जुळणारं नव्हतं तरीही तिचा मान राखला.

हे त्यांना कसं जमलं, याचा विचार करताना मी पुन्हा राधाबाईंपाशी येतो. मिशनच्या आवारात सोवळं सांभाळणारी आई जिने समजून घेतली, तिलाच कमला लिहिता येते. हिंदू सासर कृपाबाईंनी स्वतः भोगलं नव्हतं. ते आईकडून आलं असणार, आणि आई ज्या घराचा उंबरठा ओलांडून आली, त्या घरी कृपाबाई या पुस्तकातून मागे जाऊन आल्या.

डोंगर भास्करचा. समुद्रसपाटीच्या त्या सपाट, दमट मद्रासमध्ये, अंगात ताप असताना, त्या सह्याद्रीतली पहाट लिहीत होत्या, कड्याखालचं पाणी लिहीत होत्या. कादंबरी पुरी झाली. ३ ऑगस्ट १८९४ रोजी कृपाबाई गेल्या, बत्तीस वर्षांच्या होत्या. ‘कमला’चं पुस्तक त्याच वर्षी मद्रासला निघालं, ‘सगुणा’चं पुढच्या वर्षी. ऑगस्टचे ते दिवस. नाशिककडे डोंगर पावसाने भरून आलेले असतात.