उठतांच दुखणारें डोकें

डोकें दुखणें ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे कीं, तिच्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. पडसें, जागरण, पित्त, चष्म्याचा नंबर अशीं कारणें घरोघर तोंडपाठ असतात. परंतु एका डोकेदुखीची रीत अगदीं निराळी आहे. मनुष्य आडवा असेपर्यंत त्यास बरें वाटतें. तो उठून बसला कीं मान व डोक्याची मागील बाजू ठणकूं लागते. पुन्हां निजतांच कळ ओसरते. पाहणाऱ्यास हें सोंग वाटतें. अंथरुणावर हंसून बोलणारी गृहिणी उभी राहतांच कां विव्हळते, असा संशय घरांत उत्पन्न होतो. तो संशय अन्यायाचा आहे.

या दुखण्याचें मूळ डोक्यांत नसून पाठीच्या कण्यांत असतें. मेंदू व पृष्ठरज्जु यांच्याभोवतीं चिवट वेष्टण असून त्यांत पाण्यासारखें निर्मळ द्रव्य भरलेलें असतें. त्यास मेरुजल म्हणावें. प्रौढ माणसाच्या शरीरांत तें सुमारें १५० घन सेंटिमीटर असतें, आणि दिवसांतून सुमारें ५०० घन सेंटिमीटर नवें तयार होऊन जुनें रक्तांत शोषिलें जातें. सुमारें १,४०० ग्रॅम वजनाचा मेंदू या जलांत तरंगतो, म्हणून त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅम उरतो. विहिरींतील भरलेली घागर पाण्यांत असेपर्यंत हलकी लागते व पाण्याबाहेर येतांच दोरास ओढ बसते, तसाच हा प्रकार. वेष्टणास छिद्र पडून जल पाझरूं लागलें म्हणजे उभ्या स्थितींत मेंदू खालीं ओढला जातो व त्याचीं वेदनाक्षम आवरणें ताणलीं जातात.

या व्यथेचा अनुभव एका शस्त्रवैद्यानें स्वतःच घेतला. १८९८ सालीं जर्मनींतील कील येथें ऑगस्ट बीअर यानें कण्यांत औषध टोंचून शरीर बधिर करण्याचा प्रयोग स्वतःवर करविला. सुई व पिचकारी यांचा सांधा न जुळल्यामुळें त्याचें बरेंच मेरुजल वाहून गेलें. पुढें डोकें दुखूं लागलें. निजलें कीं थांबे, उठलें कीं सुरू होई. त्यास नऊ दिवस अंथरुणावर काढावे लागले.

सुई न टोंचतां आपोआप उद्भवणाऱ्या अशाच विकाराचें वर्णन १९३८ सालीं जर्मन तज्ज्ञ गेओर्ग शाल्टेनब्रांट यानें केलें. मणक्यांमधील चकतीपाशीं वाढलेलें हाडाचें टोंक कधीं वेष्टण फाडतें. कधीं मज्जातंतूंच्या मुळांशीं वेष्टण दुबळें होऊन फुटतें. कधीं मेरुजल सरळ एखाद्या शिरेंत वाहूं लागतें. हा शेवटचा प्रकार २०१४ सालीं उजेडांत आला. हा विकार स्त्रियांत व चाळिशीच्या सुमारास अधिक आढळतो.

मळमळ, कानांत गुणगुण, मान आंखडणें हीं लक्षणें सोबत असल्यामुळें पुष्कळदां अर्धशिशी समजून उपचार होतात. मेरुजलाचा दाब मोजला तरी तो अनेकांत स्वाभाविकच भरतो. तेवढ्यावरून निदान फेटाळूं नये. मेंदूचें व कण्याचें एम. आर. आय. चित्र येथें अधिक उपयोगी पडतें.

प्रथम विश्रांति, भरपूर पेयें व कॉफी यांनीं कांहींना आराम पडतो. न पडल्यास रोग्याचेंच रक्त काढून कण्यांत वेष्टणाबाहेरील जागेंत सोडतात. तें गोठून छिद्रावर ठिगळासारखें बसतें. ही युक्ति अमेरिकन शस्त्रवैद्य जेम्स गॉर्म्ली यानें १९६० सालीं प्रसिद्ध केली. एका वेळेस गुण न आल्यास ती पुन्हां करतां येते, व छिद्राची जागा सांपडल्यास शस्त्रक्रियाही करतां येते.

दुर्लक्ष केल्यास क्वचित् मेंदूच्या आवरणांत रक्त सांचतें. शिवाय दुखणें जुनें झालें म्हणजे उठण्या-निजण्याचा फरकही पुसट होत जातो. म्हणून दुखण्याच्या आरंभींच्या दिवसांत निजल्यावर काय होतें व उठल्यावर किती वेळानें कळ येते, हें घरच्या मंडळींनीं नीट पाहून वैद्यास सांगावें. डोकें एकाएकीं प्रचंड दुखूं लागल्यास मात्र वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.